लंडनच्या फ्लॅटमधला चाकांचा एसी
१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही लंडनमधील भाड्याच्या फ्लॅटसाठी चाकांवर फिरणारा, एका नळीचा एसी घेतला. यंत्र चांगले आहे, दोन तासांत झोपण्याची खोली सुसह्य होते. अडचण घराची आहे. सोबत आलेली पट्टी सरकत्या खिडकीसाठी बनवलेली, तर आमची खिडकी बिजागरीवर बाहेर उघडणारी; त्यामुळे फट झाकण्यासाठी चेन लावलेले कापड वेगळे विकत घ्यावे लागले. शिवाय ही एकच नळी खोलीतील हवा बाहेर फेकत असल्याने तिची जागा घ्यायला दाराखालच्या फटीतून गरम हवा आत शिरते. हिवाळ्यातील ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या या घराच्या खिडक्यांना वर छज्जा नाही, बाहेरून झडपा नाहीत, आणि पश्चिमेच्या मोठ्या काचेतून ऊन रात्री साडेआठपर्यंत आत येत राहते. नागपूरच्या ४५ अंशांत वाढलेल्या माणसाने ही तक्रार करावी याचे मलाच हसू येते, पण तिथे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असतो. एसीचा आवाज मात्र मोठा आहे. झोप सावध असणाऱ्यांनी आधी दुकानात चालवून पाहावा.