रेड १ की रेड ५?

दारव्ह्याकडच्या एका भाऊनं विचारलं: सेवा केंद्राच्या लिनक्स मशीनला २ टीबीच्या दोन डिस्क लावून रेड १ करू, की तीन लावून रेड ५? (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायची पद्धत; या दोन्हींत एक डिस्क बसली तरी डेटा वाचतो.)

जागेत रेड ५ पुढे, तिनात ४ टीबी. रेड १ मध्ये २ टीबीच. पण आपल्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर रेड ५ मध्ये डेटा आणि पॅरिटीचा (बसलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेल्या हिशेबाचा) मेळ बिघडू शकतो. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर पूर्ण प्रत. मागच्या उन्हाळ्यात माझी एक डिस्क बसली. एमडीस्टॅटमध्ये (लिनक्समध्ये रेडची स्थिती दाखवणारी फाइल) [यूयू]च्या जागी [यू_] दिसलं, म्हणजे दोनातली एक डिस्क बंद; पण काम थांबलं नाही.

रेड १ घ्या की ५, बूट पार्टिशन (मशीन ज्यावरून सुरू होतं तो डिस्कचा भाग) रेड १ वरच. बाहेरच्या डिस्कवर बॅकअपही हवाच.

सातबारा, पीकविम्याचे कागद असतील तर रेड १ घ्या. लग्नाचे व्हिडिओ साठवणाऱ्या स्टुडिओला, यूपीएस असेल तर, रेड ५ परवडतं.