खोटे असल्याचे तिकिटावरच लिहिलेले होते

जपानची पहिली टपाल तिकिटे अस्सल समजून विकत घेण्यात माझे १,३८,००० येन गेले आणि ती बनावट असल्याचा दाखला मिळवण्यासाठी वर आणखी १६,५०० येन भरावे लागले. तोक्योत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंच्या बाजारात रमतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे. घरी ते रोजच चालू आहे.

पिवळट पडलेल्या एका जाड कार्डावर सहा तिकिटे पक्की चिकटवलेली होती. त्यांत पाच त्या पहिल्या तिकिटांपैकी, ड्रॅगनचे चित्र असलेली होती: ४८ मोनची (मोन हे जपानचे जुने चलन) दोन आणि १००, २०० आणि ५०० मोनचे प्रत्येकी एक. सहावे नंतरच्या साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, मालिकेतील २० सेनचे (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) होते. सुरुवातीला १,६५,००० येन सांगितले गेले आणि घासाघीस करून १,३८,००० वर सौदा झाला. रक्कम कवडीमोल असती तर मला तिथेच शंका आली असती, आणि विक्रेत्यालाही हे ठाऊक असावे.

त्याने सांगितलेली माहिती शब्दशः खरी होती, आणि माझा सर्वांत मोठा संताप त्याचाच आहे. ही ड्रॅगन तिकिटे २० एप्रिल १८७१ रोजी तोक्यो, क्योतो आणि ओसाका यांना जोडणाऱ्या नव्या टपालसेवेसाठी निघाली. क्योतोच्या मात्सुदा आत्सुतोमो या कारागिराच्या छापखान्यात ती तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरली गेली. एका शीटमध्ये ४० तिकिटे असत आणि चाळीसही वेगवेगळी कोरलेली असल्यामुळे ड्रॅगनचे खवले, नखे, चौकटीतील नक्षी यांत प्रत्येक जागी थोडा थोडा फरक पडे. चौकट आणि ड्रॅगन रंगीत, मधली किंमत काळ्या शाईत. कडेला दाते नाहीत, मागे डिंक नाही. हे सारे त्याने मला भिंग हातात देऊन, अत्यंत अदबीने सांगितले.

आणि तेच भिंग हातात असताना माझ्यासमोर ४८ मोनची दोन तिकिटे शेजारी शेजारी होती, रेघ न् रेघ सारखी. डाव्या खालच्या कोपऱ्यात चौकटीच्या रेषेला असलेला बारीक तुटकपणासुद्धा दोन्हींवर एकाच जागी होता. ‘‘प्रत्येक तिकीट वेगळे’’ असे ऐकून मान डोलावत मी ती ‘जोडी’ कौतुकाने न्याहाळत होतो! विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘दोन शीटमधली एकाच जागेची तिकिटे आहेत, असा योग क्वचितच येतो.’’ तसे होऊ शकते, हे खरेच आहे. एकाच जागेची दोन तिकिटे एकसारखी दिसणारच, मग अनोळखी माणसाने कोणत्या आधारावर शंका घ्यायची? मात्र पाचही ड्रॅगन तिकिटांवरचे, तिकीट वापरून रद्द झाल्याचे टपाली शिक्के एकाच कोनात, एकाच कोपऱ्यात बसलेले होते, आणि त्याला असा कोणताही योग पुरत नाही. टपाल कचेरीतला माणूस शिक्का हाताने मारतो, तो दर वेळी थोडा सरकतो, कुठे शाई जास्त होते, कुठे पुसट होते. माझ्या कार्डावरचे शिक्के सरकलेले नव्हते, कारण ते मारलेले नव्हतेच. तिकिटाबरोबरच छापलेले होते. हे पाहायला ज्ञान लागत नाही, फक्त सहाही तिकिटे एका नजरेत घ्यावी लागतात. मी ती एकेक करून पाहिली, कारण भिंगातून एका वेळी एकच दिसते.

आता मूळ गोष्ट. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) परदेशी पर्यटकांना जुन्या तिकिटांची हौस लागली, तेव्हा तोक्योतील वादा कोतारोसारख्या नकलाकारांनी सुबक नकला छापून आठवणवस्तू म्हणून विकल्या. अशा बऱ्याच नकलांवर नक्षीच्या आतच दोन बारीक चित्राक्षरे कोरलेली असतात: काहींवर ‘सांको’, म्हणजे केवळ संदर्भासाठी, तर काहींवर ‘मोझो’, म्हणजे नक्कल. म्हणजे छापणाऱ्याने निदान सांगून तरी ठेवले होते. माझ्या कार्डावर छापील शिक्का नेमका त्याच अक्षरांवरून गेलेला आहे, आणि दोन तिकिटांवर तर ती अक्षरे खरवडून वर काळी शाई फिरवलेली दिसते. छापील शिक्का शंभर वर्षांपूर्वीच्या नकलाकाराचा असेल. खरवडणारा हात मात्र त्याचा नव्हता, एवढे मी छातीठोकपणे म्हणतो.

कार्डाला चिकटलेले तिकीट घेऊ नका. पाठ दिसलीच पाहिजे.

हातकागद म्हणजे अस्सलपणा, ही समजूतही सोडा. ‘वाशी’ हा जपानी हातकागद नकलाकारांनाही सहज मिळत होता, आणि बोटाला शाईचा उंचवटा जाणवला म्हणूनही काही सिद्ध होत नाही, कारण नकलाही कोरीव पत्र्यांवरून छापल्या जात. साकुरा तिकिटावर माथ्याशी क्रिसँथेममचे (शेवंतीच्या फुलाचे) राजचिन्ह असते आणि त्याला १६ पाकळ्या असतात. माझ्या २० सेनच्या तिकिटावर घरी येऊन मोजल्या तेव्हा १५ भरल्या. दुकानात उभ्या उभ्या पाकळ्या कोण मोजतो, असे मला विचारणाऱ्यांनी आता स्वतः मोजाव्यात. १८७४ पासून या मालिकेतील तिकिटांवर छपाईच्या पत्र्याची खूण म्हणून जपानी ‘काना’ लिपीतील एक अक्षर येऊ लागले. कोणत्या किमतीला कोणती अक्षरे आली हे ठरलेले आहे, तेव्हा यादीत नसलेले अक्षर दिसले की कार्ड तिथेच ठेवून निघावे.

फसवणूक लक्षात आल्यानंतर जे झाले ते फसवणुकीपेक्षा कमी नव्हते. पोलीस चौकीतील तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे सगळे ऐकून घेतले आणि ४८ मोनचे आज किती येन होतात, असे विचारले. नंतर वरिष्ठाने सांगितले, की ही तिकिटे आज टपालाला चालत नाहीत, तुम्ही ती पाहून, पारखून, भाव करून घेतली, तेव्हा हा दिवाणी वाद आहे आणि पोलीस त्यात पडत नाहीत. जपानमध्ये जुन्या वस्तू विकणाऱ्याला परवाना लागतो, त्याचा क्रमांक दुकानात लावलेला होता. त्या परवान्याबद्दल तक्रार केली, तर त्याची नोंदवही व्यवस्थित असल्याचे उत्तर मिळाले. चोरीचा माल ओळखण्यासाठी असलेली वही खोटा माल विकण्यासाठी अगदी व्यवस्थित असणारच! ग्राहक केंद्राने समजावले, की दारावर येऊन विकणाऱ्याकडून घेतले असते तर ठरावीक मुदतीत करार मोडता आला असता, पण तुम्ही स्वतः दुकानात गेलात. एका संग्रहालयाने आपण परीक्षण करत नाही असे कळवले. परीक्षण करणाऱ्यांनी पैसे घेऊन एका ओळीत ‘नक्कल’ असे लिहून दिले. ती कोणत्या काळची, त्यात खाडाखोड केलेली आहे का, यावर एक अक्षर नाही. माझ्या खटल्याला नेमके तेच हवे होते. प्रत्येक खिडकीवर मला वाकून नमस्कार मिळाला आणि पुढच्या खिडकीचा पत्ता मिळाला.

खटला म्हणालो, कारण ६ लाख येनपर्यंतच्या रकमेसाठी इथे लहान दाव्यांची सोपी पद्धत आहे आणि तो दावा मी दाखल केला आहे. अडचण पावतीची आहे. तिच्यावर ‘जुनी तिकिटे, एक कार्ड’ एवढेच लिहिलेले असून खाली ‘नो क्लेम, नो रिटर्न’ असा शिक्का आहे. ड्रॅगन हा शब्द त्या दुकानात अर्धा तास बोलला गेला, कागदावर मात्र कुठेच नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी पावतीवर तिकिटाचे नाव, किंमत, सन आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून घ्या. विक्रेता लिहायला तयार नसेल, तर तुम्हाला हवे ते उत्तर फुकटात मिळालेले असेल. आणि कोणाकडे अशाच कार्डाची, अशाच मजकुराची पावती असेल, तर ती फाडू नका. माझ्या वकिलाला ती पाहायची आहे.