बर्नुली उपकरण: संच चांगला, माहितीपुस्तिका कच्ची

वाहत्या पाण्याचा वेग वाढला की दाब घटतो, हा बर्नुलीचा नियम दाखवणारा हा संच. आधी निमुळती होणारी आणि मग रुंदावणारी अ‍ॅक्रिलिकची आडवी नळी, तिच्यावर ओळीने उभे पिझोमीटर (पाण्याच्या उंचीवरून दाब दाखवणाऱ्या उभ्या नळ्या), दोन्ही टोकांना टाक्या, खाली सम्प (पाणी साठवायची टाकी) आणि पंप. हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेसाठी एवढं पुरतं. नळीचं क्षेत्रफळ सुरुवातीला 6 चौरस सेंटिमीटर, थ्रोटला, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी, 2. सेकंदाला 0.3 लिटर पाणी सोडलं की वेग सेकंदाला 0.5 वरून 1.5 मीटरवर जातो. वेगाचं हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेली वेगाची ऊर्जा) सव्वा सेंटिमीटरवरून साडेअकरावर चढतं आणि थ्रोटवरचा पिझोमीटर दहा सेंटिमीटरहून जास्त उतरतो. मागे उभ्या असलेल्यालाही हा फरक दिसतो. मापं विचार करून ठरवलेली आहेत.

थ्रोटच्या पुढे जास्त शिकायला मिळतं. नळी पुन्हा 6 चौरस सेंटिमीटर झाली तरी पाणी मूळ उंची गाठत नाही, दीड-दोन सेंटिमीटर खालीच राहतं. रुंदावणाऱ्या भागात भिंतीलगतचं मंद पाणी वाढत्या दाबापुढे अडखळतं, भोवरे होतात आणि तेवढी ऊर्जा उष्णतेत जाते. पुस्तिका मात्र एकूण हेड (पिझोमीटरची उंची अधिक वेगाचं हेड) सगळीकडे सारखंच येईल असं छापते. ते घर्षण नसलेल्या द्रवाला लागू आहे, या नळीतल्या पाण्याला नाही. त्या वाक्यापायी विद्यार्थी आकडे ओढूनताणून जुळवतात, आणि ते फार वाईट. एकूण हेडची रेषा उतरतीच काढायला लावावी आणि ती कुठे जास्त उतरते ते विचारावं.

एकूण हेडचा हा ऱ्हास दिसायचा तर वेळ नीट मोजायला हवी. मापन टाकी 40 × 30 सेंटिमीटरची आहे. पाणी 10 सेंटिमीटर चढायला 40 सेकंद लागतात. त्यात एका सेकंदाची चूक झाली तर थ्रोटच्या हेडमध्ये साधारण 6 मिलिमीटरचा फरक पडतो. घाईत दहाच सेकंद मोजले तर तीच चूक दोन सेंटिमीटरच्या वर जाते आणि सगळा ऱ्हास त्यात बुडतो. आवक टाकीचा ओव्हरफ्लो वाहत असल्याशिवाय वाचन घेऊच नये, नाहीतर पातळी सरकत राहते.

सुरू करण्याआधी निकास व्हॉल्व्ह बंद करून नळ्या भराव्यात, टिचक्या मारून बुडबुडे काढावेत आणि पंप थांबवावा. पाणी स्थिर झाल्यावर सगळ्या नळ्यांत एकच पातळी हवी. एखादी वेगळी दिसली तर तिच्यात हवा अडकली आहे किंवा छिद्र तुंबलं आहे. पट्टीच एका बाजूला झुकली असेल तर पातळी ओळीने सरकत गेलेली दिसते, तेव्हा पायाचे स्क्रू फिरवावेत.

छिद्रं आतून साफ आहेत, कडेला कुस (टोचरा कंगोरा) नाही, आणि याचे गुण द्यायलाच हवेत. मोजपट्टी मात्र चिकटवलेला कागद आहे, ओलीने सुटते. ती बदलून स्टीलची लावावी. पिटो नळीचा (प्रवाहाकडे तोंड केलेल्या बारीक नळीचा) पर्याय मिळत असेल तर तो घ्यावाच, एकूण हेड थेट वाचता येतं. काम संपल्यावर सगळं पाणी काढून टाकावं, शेवाळ धरतं. अ‍ॅक्रिलिक पुसायला थिनर किंवा स्पिरिट वापरू नये, बारीक तडे जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.