केस माझे, रिपोर्ट पोराचा आणि १,४८,८१० रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात कचरणार नाही. एक लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे दहा. पोराच्या मनाच्या आजाराचं मूळ शरीरात शोधून देतो म्हणणाऱ्या पुण्याच्या एका सेंटरला दिलेले. यात कराड-पुणे जाण्यायेण्याचं भाडं आणि माझे बिनपगारी खाडे धरलेले नाहीत. मी साखर कारखान्यात अकाउंट्सला २४ वर्षं आहे. दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शेरे मारणं हेच माझं पोट. म्हणून तर जास्त झोंबतंय.

पोरगं १९ वर्षांचं, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. नववीत असताना हळूहळू सुरू झालं. आधी हात धुणं, मग नळ बंद झाला का ते बघणं, मग गॅसचं बटण, मग पुन्हा हात. साबणाची वडी चार दिवस पुरेना. केसांना घाण चिकटते म्हणून डोक्याला मशीन मारून घेतलं, कारण डोकं धुवायलाच दीड तास जायचा. माझी आई म्हणायची, 'आजीवर गेलाय, सोवळ्याचा आहे.' गेल्या वर्षी गावातल्याच मानसोपचार डॉक्टरांनी ओसीडी सांगितला, जुने लोक ज्याला मंत्रचळ म्हणतात तो. फ्लुओक्सेटीन सुरू केली. तीन आठवड्यांत काडीचा फरक पडला नाही आणि आम्ही गोळी बंद केली. आता सगळे विचारतात, एवढी घाई का केली? अहो, बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आम्हाला आत चार मिनिटं मिळाली. ओसीडीत या गोळीचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, हे कुणी समजावून सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि माझ्या कानात शिरलं नसेल.

तेवढ्यात मोबाईलवर ती जाहिरात आली. 'ओसीडी मनाचा आजार नाही. मूळ शरीरात आहे, ते शोधा.' खरं सांगतो, मी हे एक वाक्य विकत घेतलं, बाकी सगळं त्याच्याबरोबर आलं. उद्या पोराची सोयरीक बघायची तर 'डोक्याचं औषध चालू आहे' म्हणायचं, की 'झिंक कमी होतं, भरून काढलं' म्हणायचं? तुम्हीच सांगा.

सेंटरचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. काचेचा दरवाजा, आत मंद सतारीची टेप, बोर्डावर नावाआधी डॉ. आणि नावानंतर अक्षरांची मालगाडी. पहिली तपासणी मोफत. पोराच्या हातात धातूची एक दांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. दीड मिनिटात ४१ पानी रिपोर्ट छापून आला. लिव्हर, किडनी, हाडं, सगळं पिवळं-लाल. असली यंत्रं ऑनलाइन काही हजारांत मिळतात आणि दांडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तरी रिपोर्ट काढतात, हे आता कळलं. तेव्हा मी त्या बाईंना चक्क 'थँक्यू मॅडम' म्हणालो.

मग केस. शरीरातले जड धातू केसांत दिसतात म्हणे. पोराच्या डोक्यावर जेमतेम दोन मिलिमीटर. ती मुलगी कात्री घेऊन घुटमळली, आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, 'काका, सर म्हणतात तुमचे चालतील. हे आनुवंशिकच असतं.' आणि मी मान खाली घातली. तिने माझ्या मानेवरचे केस कापले, पाकिटात भरले, पाकिटावर पोराचं नाव लिहिलं. मी समोर बसून ते नाव वाचलं. स्पेलिंग चुकलं होतं तर ते दुरुस्तसुद्धा करून दिलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, पोराच्या शरीरात शिसं आणि पारा जास्त. मी दर तीन आठवड्यांनी केसांना काळा रंग लावतो. पोराने आयुष्यात लावलेला नाही. अमेरिकेत २००१ साली एकाच माणसाचे केस सहा व्यावसायिक लॅबना पाठवून बघितले होते, तर निकाल एकमेकांशी जुळेनात. तिथे निदान केस तरी एकाच माणसाचे होते.

पण खरी चपराक बिलाची. पॅकेज ३४,८१० रुपयांचं. मूळ रक्कम २९,५००, सीजीएसटी २,६५५, एसजीएसटी २,६५५. मी तिथे उभ्या उभ्या बेरीज तपासली. बरोबर होती. समाधानाने सही केली. अरे, डॉक्टरचा सल्ला, उपचार, रोगनिदानाच्या तपासण्या यांवर जीएसटी नसतो! हे मला माहीत आहे, कारखान्यातल्या दहा जणांना मीच समजावून सांगितलंय. १८ टक्के लावलाय म्हणजे हा माणूस स्वतःच लिहून देतोय की मी वैद्यकीय सेवा देत नाही. खाली तपशील वाचला असता तर तोही होता, 'वेलनेस कन्सल्टन्सी'. दुसऱ्या कुणाचं बिल असतं तर मी लाल पेनने गोल केला असता. त्या दिवशी फक्त बेरीज बघितली. पोर बाजूला खुर्चीच्या दांडीला टिश्यू लावून बसलं होतं आणि मला तिथून लवकर निघायचं होतं, इतकंच.

हिशेब असा. नोंदणी आणि सल्ला १,५००. पॅकेज ३४,८१०. खाण्याच्या 'सेन्सिटिव्हिटी'ची आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची) चाचणी १४,५००. तीन महिन्यांच्या पुड्या नि कॅप्सूल २७,६००. डिटॉक्सच्या सलाइनी ६,५००ची एक, अशा आठ, आगाऊ ५२,०००. फेरतपासणी १८,४००.

आयजीजीत गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ धरून ३२ पदार्थ लाल आले. आयजीजी म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, एवढंच. रोज खाता तेच लाल येणार. सातारा जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरातून शेंगदाणा हद्दपार केला आम्ही! आणि ज्या पोराला आधीच सगळीकडे घाण दिसते, त्याच्या ताटात पैसे मोजून ३२ नवे शत्रू वाढले. भाजीत कूट पडलंय का, हे तो बोटाने चिवडून बघायला लागला. लघवीच्या तपासणीआधी एक कॅप्सूल देतात, तीही घेऊ नका. ती कुणाच्याही शरीरातले धातू लघवीत ओढते आणि मग आकडा ताडून बघतात तो कॅप्सूल न घेतलेल्यांच्या मर्यादेशी. जास्तच येणार.

रक्तात एएसओ (स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धची प्रतिपिंडं) ३१० आला, तर सरांनी खुर्ची पुढे ओढून 'पांडास' हा शब्द उच्चारला. हा शब्द खोटा नाही, म्हणूनच फसायला होतं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर काही लहान मुलांत अशी लक्षणं उसळतात. १९९८मध्ये अमेरिकेत डॉ. सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी अशा ५० मुलांचं वर्णन केलं. पण ती मुलं तीन वर्षांपासून वयात येईपर्यंतची आणि लक्षणं एकाएकी भडकलेली. माझं पोर वाढलं तसा त्याचा आजार पाच वर्षं वाढत गेला. आणि एएसओ वाढलेला म्हणजे कधीतरी स्ट्रेपचा संसर्ग होऊन गेला, बस. कुठल्याही वर्गातल्या कितीतरी पोरांत तो सापडेल.

पाचव्या सलाइनीनंतर पोराचा हात सुजला, म्हणून थांबलो. उरलेल्या तिनांचे १९,५०० परत मागितले तर म्हणे, 'प्रोटोकॉल अर्धवट सोडला की जबाबदारी तुमची.'

फेरतपासणीत शिसं बारा टक्के कमी झालं. (केस या खेपेला पोराचे होते, तेवढे वाढले होते. जास्त कमी व्हायला हवं होतं खरं तर.) पोर दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी, 'बाबा, परत वाढलं असेल तर?' मग रोज तेच. पुन्हा टेस्ट करू, एकदाच करू. मी पैसे मोजायच्या तयारीत होतो. माझी बायको बारावी नापास आहे. तिने कणीक मळता मळता सांगितलं, 'अहो, नळ बंद झाला का बघतो ना, तसंच हे बघतोय.' नावापुढच्या त्या सगळ्या अक्षरांना जे सुचलं नाही ते हे.

सात महिने गेल्यावर परत मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, या वेळी दुसऱ्या. शरीरातलं कारण त्यांनीही शोधलं, आणि ते कसं शोधतात ते सांगतो. पाऊण तास प्रश्न. एकदम सुरू झालं का? फिट, डोकेदुखी, हातापायांच्या विचित्र हालचाली? वजन उतरलं का? दुसरं कुठलं औषध चालू आहे का? क्लोझापीनसारख्या औषधाने काही पेशंटमध्ये अशी लक्षणं येतात म्हणे. हात पुढे धरायला लावून कंप बघितला, चालवून बघितलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी. सगळं मिळून १,२५० रुपये. मी एमआरआयचं विचारलं, तर म्हणाले, 'पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं असतं, किंवा तपासताना नसांमध्ये काही खोट दिसली असती, तर आजच पाठवलं असतं. याला नको.' ओसीडी ठरवणारी रक्ताची टेस्ट अस्तित्वात नाही, हेही तिथेच कळलं.

आता तक्रारीचं ऐका. पुण्यातल्या पोलिस चौकीत साहेब म्हणाले, 'खुशीने दिलेत ना पैसे? मग फसवणूक कसली?' गावाकडे गेलो तर हद्द पुण्याची. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयात तिसऱ्या खेपेला वही उघडली, तर हे सर त्यांच्या यादीतच नाहीत. म्हटलं, तोच तर गुन्हा! तर उत्तर, 'यादीत नाहीत म्हणून आम्हाला कारवाई करता येत नाही.' म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर सुनावणी आणि खोट्याला मोकळं रान! पुड्यांचं घेऊन औषधवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले हे अन्नात येतं. अन्नवाले म्हणाले लेबल ठीक आहे. रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्यांकडे गेलो, त्यांनी विचारलं, सेंटरमध्ये खाटा आहेत का? नाहीत म्हटल्यावर फाइल माझ्याकडे सरकवली. एका हेल्पलाइनने नंबर दिला, तक्रार सेंटरलाच पाठवली, सेंटरने माझ्या सहीचं संमतीपत्र जोडलं, तक्रार बंद. मला एसएमएस आला, 'आपल्या समाधानाबद्दल आभार.' सहा कार्यालयं, अकरा खेपा. प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स मात्र दोन प्रतींत.

बिलावर वैद्यकीय तपासणीसाठी जीएसटी दिसला की तिथूनच उठा. 'आज भरलं तर सूट' म्हणणारी लॅब नसते, दुकान असतं. चालू गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका; आमचं खरं नुकसान ते सात महिने आहेत, पैसा नंतर. रोख देऊ नका, माझे २७,६०० रोखीत गेले, पावती कच्ची. डॉक्टरकडे जायचीच लाज वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं, हे मला पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर अकरा खेपा वाचल्या असत्या.

पोराची सर्ट्रालीन ही ओसीडीची गोळी चालू आहे आणि आठवड्याला एकदा सायकॉलॉजिस्ट. परवा स्टँडवर उभ्या एसटीचा दांडा धरून यायचं आणि तासभर हात धुवायचे नाहीत, असा गृहपाठ होता. चाळीस मिनिटं टिकला. मी बाजूला घड्याळ धरून.

आयोगातली तक्रार तयार आहे. वकील म्हणतात, केसांचा मुद्दा सगळ्यात भक्कम, पण ते केस माझे होते आणि मी त्यांना रंग लावतो, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागेल. कारखान्यात आजवर कुणालाच माहीत नव्हतं.