वेस्ट टू वंडर, दिल्ली: कारागिरी अव्वल, कचऱ्याची गोष्ट अर्धीच

गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीनला उतरणाऱ्यांना हे उद्यान अगदी जवळ आहे. सराय काले खाँच्या बाजूने बाहेर पडायचं. पिंक लाइनचं मेट्रो स्टेशनही तिथेच. सोमवारी बंद. भर दुपारी जाऊ नका, लोखंड तापतं. दिवस मावळायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे उजेडात जोडकाम नीट पाहून होतं आणि मग दिवे लागतात.

2019 साली महापालिकेने सुमारे 150 टन भंगारातून सात आश्चर्यांच्या प्रतिकृती इथे उभ्या केल्या. ताजमहाल 20 फुटी, आयफेल 60 फुटी. लांबून ही नुसती नक्कल वाटते, म्हणून दोन हातांवर जाऊन बघा. ताजमध्ये विजेच्या खांबांचे पाइप, बागेतली मोडकी बाकं, ट्रकचे कमानपाटे आहेत. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचे केस सायकलच्या चेनचे. चेन एकाच अंगाला वाकते, आडवी वळत नाही. तिच्यातून कुरळी बट काढायला हात किती तयार लागतो ते वेल्डिंग करणाऱ्याला विचारा.

असल्या कामाचं दुखणं सांध्यात असतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवरचं जस्त वेल्डिंगच्या धगीने जळतं आणि गंज नेमका तिथून धरतो. पाइपचं तोंड उघडं राहिलं तर पावसाचं पाणी आत साचून तो आतून सडतो. तोंडं बुजवणं आणि दर पावसाळ्याआधी सांधे घासून प्रायमर मारणं, याला पर्याय नाही.

तक्रार आशयाबद्दल आहे. बाकं, पाइप, कमानपाटे भंगारवाला रोख पैसे मोजून उचलतो; ते कचऱ्याच्या डोंगरावर पोचतच नाहीत. तिथे पोचतात चकचकीत वेफर-पाकिटं, डायपर, ओल्यात कालवलेलं प्लास्टिक. यमुनेपलीकडचा गाझीपूरचा डोंगर 1984 पासून रचला जातोय. 2002 मध्येच तो भरला होता, तरी गाड्या रित्या होतच राहिल्या, आणि हे उद्यान उघडलं त्या वर्षी त्याची उंची 65 मीटरवर गेली होती. म्हणजे इथल्या आयफेलच्या साडेतीनपट. दिल्लीत रोज दहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो, त्यातलं ज्याला कुणी गिऱ्हाईक नाही असं या शिल्पांत काहीच नाही. आयफेलच्या पायथ्याशी एका घराचा आठवड्याचा न निवडलेला कचरा काचेच्या पेटीत ठेवला असता, तरी आपण रोज काय टाकतो ते पोरांना दिसलं असतं.

मुलांना जरूर न्या. सव्वा तास पुरतो.