रफर्ड की डार्विन?

"मामा, संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज कुठे करू?" भाची ऐरोलीहून विचारत होती. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहून ती चाळणीत गाळ धुते आणि उरलेले किडे, शिंपल्या मोजते. कितीतरी हिवाळी पाहुणे पक्षी यांवर जगतात. २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, तरी या मोजणीला पैसे मिळत नाहीत.

रफर्ड ही लंडनची धर्मादाय संस्था. विकसनशील देशांतल्या एकट्यादुकट्या संशोधकालाही ती छोटं अनुदान देते. रक्कम बेताची, बोटभाडं, बाटल्या, प्रवास भागतो. अर्ज एकटीला झेपतो, काम चांगलं झालं तर पुढचा टप्पाही मागता येतो.

डार्विन इनिशिएटिव्ह ही ब्रिटिश सरकारची योजना, १९९२च्या रिओ पर्यावरण परिषदेत जाहीर झालेली. पैसा कितीतरी मोठा, पण तो संस्थेला, भागीदारीत मिळतो. स्थानिकांची गरिबी कशी कमी होईल हेही दाखवावं लागतं. आपल्या कोळीवाड्यांचा विचार करता मला ही अट रास्त वाटते.

खरी मेहनत कागदांत आहे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या ठरावीक स्टेट बँक शाखेत खातं लागतं. २०२०पासून तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. परदेशी भागीदाराला आपले नमुने हवे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी काढावी लागते.

पहिली दोन वर्षं गाळच मोजायचा असेल तर रफर्ड. पाठीशी नोंदणीकृत संस्था आणि विश्वासू परदेशी विद्यापीठ असेल, मच्छीमारांनाही सोबत घ्यायचं असेल, तर डार्विन. भाचीला मी रफर्डच सांगितलं.