स्लिपवर पीएफ कापलेला, पासबुकात मात्र पत्ताच नाही

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ठेकेदारामार्फत लाइनवर होतो. लाइनवरची बहुतेक पोरं मराठवाड्यातली आणि विदर्भातली, काही बिहारची. पर्मनंट कामगार बोटावर मोजण्याइतके. दर महिन्याला पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात यायची आणि सुरुवातीचे काही महिने सोडले तर ते पैसे आमच्या खात्यात जातच नव्हते. तुमचा पगार ठेकेदाराकडून होत असेल तर आजच आपलं पीएफचं पासबुक उघडून बघा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

यात एक मेख आहे. सुरुवातीचे काही महिने ठेकेदार पैसे वेळेवर भरतो. जमा झाल्याचा मेसेज येतो, विश्वास बसतो. मग भरणं बंद होतं, कपात तशीच चालू राहते. मेसेज येईनासे झाले तरी लक्षात येत नाही, कारण अनेकांनी मधल्या काळात नंबर बदललेला असतो. आमच्यातल्या काहींच्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, तर ठेकेदाराच्या ऑफिसातल्या माणसाचाच मोबाइल नंबर जोडलेला निघाला.

बिंग फुटलं ते एका सोबत्यामुळे. आईच्या ऑपरेशनसाठी पीएफमधून पैसे काढायला तो नेट कॅफेत गेला. पासबुकाची प्रिंट निघाली. वर ठेकेदाराच्या फर्मचं नाव, खाली जमेच्या मोजक्या ओळी आणि पुढे सगळं कोरं. खिशातल्या ताज्या स्लिपवर मात्र ‘पीएफ 1,440’ स्पष्ट छापलेलं. तो दोन्ही कागद घेऊन कँटीनमध्ये आला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिफ्टने आपापली पासबुकं बघितली. सगळ्यांची तीच गत.

आम्ही एचआरकडे गेलो. उत्तर मिळालं, ‘तुम्ही आमचे कामगार नाही, ठेकेदाराशी बोला.’ मशीन कंपनीचं, गेटपास कंपनीचा, शिफ्ट लावणारा आणि सुट्टी नाकारणारा सुपरवायझर कंपनीचा, फक्त पैशाचा विषय निघाला की आम्ही परके. ठेकेदाराने आधी ‘पुढच्या महिन्यात भरतो’ म्हणून झुलवलं, नंतर फोन उचलणं सोडलं.

कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं, हे मला अजिबात पटत नाही. हिशेब करून बघा. सोपं जावं म्हणून एका कामगाराचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 12,000 रुपये धरू. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून आणखी 1 टक्का, म्हणजे 1,560 रुपये. ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 390. बोनस किमान 8.33 टक्के, म्हणजे साधारण 1,000. झाले 14,950. यात ठेकेदाराचं कमिशन नाही, भरपगारी रजा नाही, सेफ्टी शूज नाहीत. आता टेंडरमध्ये एखाद्याने माणशी 14,000 चा दर दिला आणि कंपनीने तोच सगळ्यात स्वस्त म्हणून उचलला, तर फरकाचे पैसे कुठून येणार? ते कामगाराच्याच खिशातून येणार, दुसरी वाटच नाही. खरेदी विभागात बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसांना एवढी बेरीज येत नाही असं कोण म्हणेल? कागदावर कंपनीचा लेबर खर्च घटला, वरच्यांना शाबासकी मिळाली. घटलेला खर्च म्हणजे आमच्या म्हातारपणाचे पैसे होते. चोरी ठेकेदाराने केली हे खरंच, पण ती करायला लावणारा दर कंपनीने ठरवला.

बिलासोबत ठेकेदाराला पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, आणि कामगारांच्या नावांची यादी जोडावी लागते. आमच्या ठेकेदाराने जोडलेलं चलन दुसऱ्या साइटवरच्या पोरांचं होतं. यादीत आमची नावं आहेत का, हे कुणीही तपासलं नव्हतं. बिलं मात्र पास होत राहिली.

‘आमचे कामगार नाही’ या वाक्याला घाबरू नका. 1952 च्या पीएफ कायद्याने ठेकेदारामार्फत लावलेला कामगारही त्या आस्थापनेचाच कर्मचारी धरला. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, भरायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे. पगार थकला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितेतही आहे. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. हे सगळं आम्हाला युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने समजावलं, तेव्हा कुठे अंगात बळ आलं.

पीएफ ऑफिसात लेखी तक्रार दिली, सोबत स्लिपा, बँकेची स्टेटमेंट आणि गेटपासच्या झेरॉक्स जोडल्या. भरपूर हेलपाटे पडले. शेवटी चौकशी लागली आणि कंपनीला पैसे भरावे लागले. पण ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हता ते मागे राहिले. त्यात हाउसकीपिंगच्या मावश्या जास्त होत्या. त्यांना स्लिप कधी मिळालीच नव्हती, पगार रोख हातात. त्यांचं प्रकरण अजून सुटलेलं नाही आणि याचा मला फार राग आहे. सगळ्यात कमी पगार त्यांचा आणि सगळ्यात जास्त लुबाडणूकही त्यांचीच.

दुसरी खेळी ब्रेकची. काही महिने झाले की कामावरून काढायचं, थोड्या दिवसांनी दुसऱ्या फर्मच्या नावावर परत घ्यायचं. माणूस तोच, मशीन तेच, पण ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी) लागणारी सलग वर्षं कागदावर भरत नाहीत. नवी फर्म नवा यूएएनही काढू बघते आणि जुनी जमा मागे विखुरते. जॉइनिंगच्या वेळी जुनाच यूएएन द्या. एका माणसाला एकच असतो.

यूएएनला स्वतःचा मोबाइल नंबर जोडा आणि त्यावरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्या. शेवटची जमा आणि शिल्लक मेसेजने येते. पीएफच्या वेबसाइटवर फर्मचं नाव टाकलं की त्या महिन्यात किती रक्कम आणि किती कामगारांसाठी भरली तेही दिसतं. शंभर जण लाइनवर आणि चलन वीस जणांचं, असं दिसलं तर तक्रार एकट्याने करू नका, सह्या गोळा करून करा. एकट्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद होतो, सगळ्या शिफ्टचा बंद करता येत नाही. आणि शेजारी झाडू मारणाऱ्या मावशींना स्लिप मिळते का, ते आधी विचारा. नसेल मिळत तर तक्रारीत त्यांचं नाव सगळ्यात वर घाला.